उकडलेल्या बटाट्यांचे तीन महिने

मित्रांनो, मी एक जुनं पातेलं आहे. स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर, बूड काळं झालेलं आणि पालथं पडलेलं जे भांडं दिसतं ना, ते मीच.

कारखान्यात हातोड्याचे घाव सोसून मला आकार आला. मला घरी आणलं ते बेकरीतल्या एका भट्टीवाल्यानं. आईवडील लवकर गेले, म्हणून धाकट्या बहिणीला त्यानंच लहानाचं मोठं केलं होतं. दोन खोल्यांत दोघंच राहत. तो अंगानं आडवातिडवा आणि खाण्याचा भारी शौकीन. माझ्यात रस्सा रटरटू लागला की तो झाकण काढून वास घेई आणि म्हणे, "या पातेल्याचा हातगुण काही औरच!" मी मनातून फुलून जाई.

मग बहिणीची मूत्रपिंडं निकामी झाली. दादानं आपलं एक द्यायचं ठरवलं. तपासण्या जुळल्या, पण वजन आड आलं. दवाखान्यातून आल्यावर तो म्हणाला, "पंधरा किलो उतरवायचेत. डॉक्टरांनी नुसते उकडलेले बटाटे खायला सांगितलेत."

दुसऱ्या दिवसापासून माझ्यात बटाटेच शिजू लागले. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. मीठसुद्धा नाही. दिवसभर भट्टीतून खरपूस पाव काढणारा तो माणूस घरी येऊन मुकाट्यानं बटाटे सोलत बसे.

"दादा, तुझ्या पँटला आता दोरी बांधू का?" बहीण सुरुवातीला चेष्टा करायची. पुढे त्याचे गाल बसले, हात कापू लागले, तशी तिची चेष्टा थांबली.

एकदा फळी आवरताना डब्याखाली तिला घडी केलेला कागद सापडला. तो दवाखान्यातला होता. तो वाचून ती दादासमोर जाऊन उभी राहिली.

"यात डाळ आहे, दूध आहे, फळं आहेत! सहा महिन्यांत हळूहळू उतरवा, असं लिहिलंय. तू खोटं बोललास माझ्याशी?"

तो बटाटा सोलत राहिला. मग म्हणाला, "तुझ्याकडे सहा महिने आहेत का गं?"

त्या संध्याकाळी तिनं माझ्यात डाळ शिजवली, त्याच्यापुढे वाढली. त्यानं ताट हळूच बाजूला सारलं.

तीन महिन्यांत अठरा किलो उतरले. आणि त्याच आठवड्यात तो भट्टीसमोर चक्कर येऊन कोसळला. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, "या अंगाला आता सुरी लावता येणार नाही. दोन महिने नीट जेवा, मग बघू."

तो जेवू लागला. घास गिळताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाही. समोर बसून ती म्हणे, "खा रे दादा. मी आहे ना."

पण ती पाचव्या आठवड्यात गेली.

नंतर शेजारच्या मावशी डबा देऊ लागल्या. या घरची चूल पुन्हा पेटली नाही. एके दिवशी त्यानं मला घासून पुसून फळीवर पालथं घातलं. तेव्हापासून माझ्यावर धूळ साचते आहे. मला त्याचा राग नाही. आपण काय शिजवत होतो, हे आठवलं की मलाच माझी लाज वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी रोज तेच ते, एकटंच, खाली मान घालून खात असेल, तर जाऊन त्याच्याजवळ बसा. काय झालंय, विचारा. भांड्याला तोंड असतं, पण विचारता येत नाही.