धाकटीचं माप

“कोपरे काटकोनी नकोत, गोल हवेत,” असं म्हणत ह्यांनी माझ्या हातातलं ताट ओढून घेतलं आणि मैदानाच्या नकाशाच्या कोपऱ्यावर उपडं ठेवलं. “हे असे. म्हणजे चेंडू अडकत नाही आणि पोरगंही आदळत नाही.”

जेवायच्या टेबलापाशी कंत्राटदार आणि मैदानाच्या समितीवर असलेल्या शाळेच्या बाई बसल्या होत्या. मिठाची बरणी म्हणजे स्केटबोर्डचा उतार, चमचे म्हणजे हॉकीच्या रिंकभोवतीच्या, खेळायच्या रिंगणाभोवतीच्या, फळ्या. जेवणाचा पत्ता नव्हता. तेवढ्यात धाकटी दारातून आत आली, चप्पलसुद्धा न काढता.

“बाबा, मला प्रवेश मिळाला. जहाजाच्या इंजिनांच्या कोर्सला.”

“अरे वा, छान,” हे म्हणाले. “तो चमचा दे जरा इकडे.”

तिने चमचा दिला. शाळेच्या बाईंनी खाली मान घातली. मला तर वाटलं, तोच चमचा ह्यांच्या डोक्यात घालावा.

ह्यांचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. दिवसभर लोकांना वर-खाली न्यायची सोय करायची आणि स्वतः मात्र आठ वर्षं एकाच मजल्यावर अडकून बसलेले. आमचा मोठा चौदा वर्षांचा असताना गेला. मंडईमागच्या मोकळ्या जागेत पोरं चाकांचे बूट घालून हॉकी खेळायची, तिथे उलटा मागे येणाऱ्या ट्रकखाली सापडला. पोरांना दुसरी जागाच नव्हती. तेराव्या दिवशी हे उठले, दाढी केली आणि म्हणाले, “मी जागा करून देतो.” तेव्हापासून ह्यांनी एकही साहेब सोडला नाही. नगरपालिकेतला शिपाई ह्यांना बघितलं की आपणहून खुर्ची पुढे करायचा. लोक म्हणायचे, बाप असावा तर असा. मी हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरींच्या घड्या घालत ते ऐकायची आणि गप्प बसायची.

कारण असा बाप घरात नव्हता ना. संध्याकाळी बैठक, रविवारी जागेची पाहणी. धाकटीच्या शाळेच्या कार्यक्रमाला मी एकटी, तिला गोवर झाला तेव्हाही मी एकटी. पोरगी गुणाची, कधी हट्ट केला नाही. तिने घरातला पंखा उघडला, मिक्सर उघडला, शेजाऱ्यांची शिलाई मशीन चालू करून दिली. हात थेट बापाचा. सगळ्या गल्लीला ते दिसलं, एक बाप सोडून.

त्या रात्री पाहुणे गेल्यावर मी विषय काढलाच.

“अहो, ती जाणार आहे. लांब. वर्षातून एकदा आली तर आली.”

“हो ना. हुशार आहे ती.” हे नकाशाची गुंडाळी करत होते.

“तुम्ही तिच्याशी बोलणार आहात की नाही?”

“उद्घाटन होऊ दे एकदा. मग निवांत.”

“उद्घाटनाच्याच दिवशी दुपारी गाडी आहे तिची. सांगितलं होतं तिने तुम्हाला.” मग माझा आवाज चढला. “गेलेल्यासाठी आठ वर्षं झिजलात, मी एका शब्दाने अडवलं नाही. पण एक आहे अजून आपल्याला.”

हे बराच वेळ नकाशाला रबरबँड लावत राहिले. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आम्ही धाकटीच्या बॅगा घेऊनच मैदानावर गेलो. खोटं कशाला बोलू, जागा फार सुंदर झाली होती. राखाडी, गुळगुळीत उतार, हात फिरवावा असे. पलीकडे पांढऱ्या फळ्यांचं रिंक आणि त्याचे चारही कोपरे गोल. दाराशी पोरापोरींची झुंबड उडालेली, डोक्याला हेल्मेट, हातात काठ्या. मला रडू आलं. आपल्या पोराला हे मिळायला हवं होतं, एवढंच मनात येत होतं.

हे गर्दीतून वाट काढत आमच्याकडे आले. काखेत एक खोकं होतं. धाकटीला बाकावर बसवून म्हणाले, “रिंकवर पहिली तू जायचं. तसं सांगून ठेवलंय सगळ्यांना.”

खोक्यात चाकांचे बूट होते. निळे, कोरे करकरीत.

“मोठा गेल्यावर तू मागितले होतेस,” हे म्हणाले. “मी म्हटलं होतं, आधी धड जागा होऊ दे. आठवतं?”

“आठवतं,” ती म्हणाली. मला हे ठाऊकच नव्हतं. दोघांनी मिळून आठ वर्षं पोटात ठेवलं होतं.

हे गुडघ्यांवर बसले. तिचा पाय हातात घेऊन बुटात घालायला लागले. पाय अर्ध्यातच अडला.

“मोजे जाड आहेत, बाबा. थांबा.” तिने मोजा काढला. बोटं आत मुडपून जोर लावला. टाच बाहेरच राहिली. “मघापासून उभी आहे ना, म्हणून पाय सुजलाय. जाईल, थोडा जोर लावला की जाईल.”

ह्यांनी बूट काढून बाजूला ठेवला. पंजा फाकवला, अंगठा तिच्या टाचेवर टेकवला आणि करंगळी पुढे ताणली. करंगळी तिच्या बोटांच्या अलीकडेच संपली.

“एक वीत होता,” ते म्हणाले. “तुझा पाय माझी एक वीत होता. परवा दुकानदाराला मी वीतच दाखवली.”

“होता, बाबा.”

“कधी वाढला?”

तिने माझ्याकडे बघितलं.

माइकवरून समितीच्या अध्यक्षांना, म्हणजे ह्यांनाच, पुकारत होते. दोनदा पुकारलं. शाळेच्या बाई धावत आल्या, आमच्याकडे बघून थबकल्या. “पोरांना सोडा आत,” हे मान वर न करता म्हणाले. दार उघडलं आणि ती सगळी फौज आरडाओरडा करत रिंकवर घुसली. पाठमोऱ्या ह्यांनी वळूनही पाहिलं नाही. तिच्या टाचेवर बुटाचा लाल वळ उठला होता, त्यावर अंगठा फिरवत राहिले.

“गाडीला किती वेळ आहे?” त्यांनी विचारलं.

“आता निघायलाच हवं,” मी म्हणाले.

त्यांनी खाली पडलेला मोजा उचलला, झटकला, लहान मुलांना घालतात तसा दोन्ही अंगठ्यांनी गोळा केला आणि तिच्या पायात चढवायला लागले. अठरा वर्षांची पोरगी, पण तिने पाय मागे घेतला नाही.