कणगीतलं लुगडं

मी एक जुनी धामण आहे, पाथरीकडच्या शिवारातली, आणि मला राग आलाय. तुम्ही कोणी विचारणार नाही, म्हणून मीच सांगते.

मित्रांनो, मला विष नाही. उंदीर खाते आणि गप पडून राहते. ग्यानबाच्या बांधावर मी राहायचे, जवळच दोन नर असत. पावसाच्या तोंडावर एका सकाळी ते दोघे उभे राहून एकमेकांना विळखे घालत होते. भांडत होते हो! पण ग्यानबाची बायको कासाबाई हरखली. "अगं बया, जोडा खेळायलाय!" म्हणत तिनं नवंकोरं लुगडं आणून त्यांच्यावर टाकलं आणि मग जवारीच्या कणगीत जपून ठेवलं. असलं लुगडं घरात असलं की बरकत येते म्हणे.

बरकत हवी, धामण नको! श्रावणात गाभण म्हशीचं दूध आटलं. ते आटणारच की! पण कासाबाई म्हणाली, "धामण पायाला येढा घालून दूध पिती. मारा तिला." ग्यानबानं दोन्ही नर ठेचले, बांध उकरून माझी अंडी फोडली. मी वारुळात शिरले म्हणून वाचले.

मग उंदरांचं फावलं. उंदरीण तीन आठवड्यांत विते, तिच्या पोरी दिवाळीच्या आत आया होतात. जन्म चालूच राहिले, मरण थांबलं. शेजारच्या शिवारातलेही येऊन भर घालू लागले. सोयाबीन आयतं पडलेलं, उपाशी कोण मरतंय! ते संपलं तसे सगळे घरात घुसले.

पुढच्या पावसाळ्यात नदीकडून एक नर आला, म्हणून मला पुन्हा अंडी झाली. तीही त्याच बांधात.

परवा दुपारी उंदरांच्या वासावर मी ग्यानबाच्या घरात गेले. कासाबाईनं कणगीत हात घातला आणि लुगडं ओढलं. चिंध्या झाल्या होत्या, त्यातून उंदराची लालबुंद पिल्लं टपटप पडली. ती किंचाळली. ग्यानबा धावत आला, मला बघून त्यानं काठी उगारली.

"अवो, थांबा! तिची जात मारली, तवाच ही उंदरं माजली."

"अन् म्हशीचं दूध?"

"म्हैस गाभण व्हती. आपली अक्कल चरायला गेली व्हती. ऱ्हाऊ द्या तिला, खाईल आता समदी उंदरं."

समदी म्हणे! एक उंदीर गिळला की मला दिवसच्या दिवस भूक लागत नाही. वर्षात एकदाच अंडी घालते, पोरं निघायला दोन महिने. त्यातली निम्मी मुंगूस आणि घारी नेतात. उंदरांचा हिशेब मी एकटी कसा चुकता करू? काठीनं एका दुपारी मोडलेलं पुन्हा उभं राहायला वर्षं जातात, मित्रांनो.

मला तुमचं लुगडं नको, पूजा नको. बांधात माझी अंडी आहेत. तिकडे काठी नेऊ नका.