वेदीमागची भेग

कॉस्मिनने गेल्या आठवड्यात वेदीच्या खोलीत काढलेले चौदाही फोटो सुरेख होते आणि एकही उपयोगाचा नव्हता. पूर्वेच्या भिंतीतली भेग प्रत्येकात दिसत होती, पण शेजारी मोजपट्टी नव्हती. पट्टीशिवाय फोटोतली भेग केसाएवढी असू शकते किंवा बोटाएवढी.

मी विचारलं तेव्हा तो अपराध्यासारखा म्हणाला, "ती पट्टी आपण तळघरांत, गोठ्यांत लावतो गं. ती पवित्र जागेत कशी नेऊ? दाराबाहेर ठेवली."

आमचं काम लहान गावांतल्या जुन्या ऑर्थोडॉक्स चर्चचं छायाचित्रण : प्रत्येक भिंत, प्रत्येक कमान, मापासकट. हिवाळ्याआधी कोणत्या इमारतींना टेकू द्यायचा, हे उद्या सकाळी दहाला समिती ठरवणार होती. त्यानंतरची बैठक एप्रिलमध्ये. तोवर बर्फ पडून वितळलेला असतो, आणि स्तेजारेनी गावच्या चर्चमधल्या त्या भिंतीवरच छताची कमान बसलेली आहे. कॉस्मिन तापाने फणफणला होता. दुपारच्या बसने मी एकटीच निघाले.

स्तेजारेनीचे फादर आर्सेनिए बायकोबरोबर शहरातल्या दवाखान्यात होते. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "वेदीच्या खोलीत बायकांना मनाई आहे, तू जायचं नाहीस, दारिया. फक्त व्हेतुरिया जाते. विधवा आहे, सत्तरीच्या पुढची, झाडलोटीसाठी तिला आशीर्वाद दिलेला आहे. तिलाच सांग."

व्हेतुरिया मावशी चाकूने फरशीवरचं मेण खरवडत होत्या. "मी आणि फोटो? मला टीव्हीसुद्धा नात लावून देते."

फोटो कशासाठी हवा, ते मी त्यांना खरं खरं सांगितलं. भेग वाढलेली निघाली तर उद्याच चर्चला कुलूप लागेल. मग टेकू, मग दुरुस्ती. दोन वर्षं तरी.

चाकू थांबला. "उद्या? आणि शनिवारी?"

"शनिवारी काय आहे?"

"माझ्या नवऱ्याचं, नेकुलायचं, सातव्या वर्षाचं स्मरण. शेवटचं. यानंतर त्याच्यासाठी असं काही करायचं उरत नाही. प्रसादाच्या कोलिवाचे गहूसुद्धा निवडून ठेवलेत. पन्नास माणसं यायचीत." मग हळूच, "आणि फोटो नीट आलाच नाही तर?"

"तर एप्रिलपर्यंत कुणी इकडे बघणार नाही."

त्यांनी चाकू खाली ठेवला. मग अ‍ॅप्रनला हात पुसून म्हणाल्या, "आण तो कॅमेरा."

मी सगळं लावून दिलं. फक्त बटण दाबायचं होतं. काळ्यापांढऱ्या चौकोनांची मोजपट्टी त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली आणि दाराजवळच्या भांड्यातलं पवित्र पाणी तिच्यावर शिंपडलं. "आता चालेल. तुझ्या त्या कॉस्मिनला एवढं सुचलं नाही?"

वेदीची खोली झाकणाऱ्या, संतांच्या चित्रांच्या लाकडी भिंतीला बाजूने एक लहान दार आहे. त्यातून त्या आत गेल्या आणि दार लोटलं गेलं. मला फक्त आवाज ऐकू येत होते.

"कुठे आहात, मावशी?"

"वेदीच्या मेजामागे. पुढून जायची मला मनाई आहे."

"भिंतीपासून तीन पावलं मागे या."

"दोनच येता येतं. तिसऱ्याला मेज लागतं."

"दोन चालतील. पट्टी भेगेला आडवी धरा आणि बटण दाबा."

पाच वेळा बटण वाजलं. त्या बाहेर आल्या. पाचही फोटो जमिनीचे : गालिचा, घागऱ्याचा काठ, पुन्हा गालिचा. खिडकीतला उजेड आणखी वीस मिनिटं टिकला असता. निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याच्या हातात मोजमाप देऊ नये, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. ते आत्ता आठवलं याची लाजही वाटली. मी एवढंच म्हणाले, "पुन्हा जाल?"

त्या माझ्याकडे न बघता आत गेल्या.

या वेळी आतून काहीच ऐकू येईना. मग आत त्यांच्या पायाखाली काहीतरी कुरकुरलं.

"पोरी, इथे काच होती ना? चुन्याने चिकटवलेली?"

कॉस्मिनने वसंतात भेगेवर काचेची पातळ पट्टी बसवली होती. भिंत हलली की काच तुटते. त्याच्या फोटोंत ती शाबूत होती.

"होती. का?"

"खाली पडलीय."

"भिंतीला हात लावू नका. बाहेर या."

"आणि फोटो?"

"आधी बाहेर या!"

बारीक वाळू ओघळल्यासारखा आवाज आला. मी दारावर हात ठेवला. ते ढकलायचं की नाही, हे ठरवता येईना. खट्. मी श्वास मोजू लागले. सात. आठ. खट्. मग आणखी एकदा खट्.

त्या आल्या तेव्हा डोक्याच्या रुमालावर चुना होता. तिसऱ्या फोटोत पट्टी जराशी तिरकी होती, पण एकेक चौकोन मोजता येत होता. मी दोनदा मोजलं.

"किती?"

"अकरा मिलिमीटर. वसंतात काच बसवताना चार भरली होती."

मावशी बाकावर टेकल्या. "ते पहिले मी मुद्दाम जमिनीचे काढले. म्हटलं, एप्रिल काही लांब नाही."

"मग?"

"मग काय मग! काच पायाखाली आली. शनिवारी माझ्या लेकीची, लेनुत्साची, जुळी पोरं इथे मेणबत्त्या धरून उभी राहिली असती. पाठव."

आत रेंज नव्हती. आम्ही बाहेर पडून रस्त्यापलीकडे गेलो. फोटो इंचाइंचाने जात होता, आणि मावशी फोनवर लेकीला ओरडून सांगत होत्या, "शनिवारी चर्चमध्ये नाही, आपल्या अंगणात! अगं, मी ठणठणीत आहे, भिंत आजारी आहे! फादरशी मी बोलते. टेबलं आजच काढ... पाऊस आला तर भिजतील. नेकुलायला कुठे कोरड्यात बसायची सवय होती?"

फोटो गेला. ऑफिसातून उत्तर आलं : मिळाला. चर्च आत्ताच बंद करा.

मावशींनी दाराला कुलूप घातलं आणि एकदम वळल्या. "दिवा! वेदीवरचा दिवा आत राहिला."

त्या पुन्हा किल्ली फिरवू लागल्या. मी त्यांची बाही घट्ट धरली. "नाही, मावशी."

"एका मिनिटाचं काम आहे. सहा वर्षं मी तो विझू दिलेला नाही."

"अकरा मिलिमीटर, मावशी."

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. मी बाही सोडली नाही. शेवटी त्यांनी किल्ली बाहेर काढली.

"तेल उद्या सकाळपर्यंत पुरेल," त्या म्हणाल्या.