सगळ्यांना सारखंच दिसेल

"म्याडम, हे काय हाय ते मला आधी सांगा," म्हणत डाळमिलच्या धाकट्या अप्पांनी मोबाइल पंचशीलाच्या नाकासमोर धरला.

मोबाइलवर निरोप आला होता: थोरल्या अप्पांनी आत्ताच आपल्या उदगीरच्या जावयाला तूरडाळ दिल्याची नोंद केली आहे. थोरले अप्पा समोरच कॉम्प्युटरवर बसले होते. हात अजून माउसवर होता आणि चेहरा पांढरा पडला होता.

"मोबाइलवर सौदा दिसतो अन् माझ्या कॉम्प्युटरवर न्हाई. आसं कसं?" धाकट्यांनी विचारलं.

"ते ऱ्हाऊ दे! माझे सौदे ह्याच्या मोबाइलवर कसे जाऊन राहिले, ते सांग पोरी," थोरले अप्पा ओरडले.

गेटवरच्या शिल्पाला ट्रकची पावती छापायला शिकवायची, एवढ्यासाठी पंचशीला सकाळच्या एसटीनं नांदेडहून लातूरला आली होती. दोघा भावांच्या मधे उभी राहून ती नुसती "बघते, विचारते" म्हणत राहिली. स्वतःच्या कंपनीत काय चाललंय ते दुसऱ्याच्या मोबाइलवरून कळावं, याची तिला भयंकर लाज वाटली.

कंपनीचं नाव त्रिदल. नांदेडच्या कॉलेजात एका बाकावर बसणाऱ्या तिघांनी काढलेली. हारिस प्रोग्रॅम लिहायचा. वैजनाथ गिऱ्हाईक आणायचा, त्यालाही थोडंफार प्रोग्रॅमिंग यायचं. उरलेलं सगळं, म्हणजे जे त्या दोघांना नको असायचं ते, पंचशीलाचं: शिकवणं, फोन घेणं आणि बोलणी खाणं. साहेब कोण ते ठरवायचं राहूनच गेलं होतं, कारण मित्रांत कसला आलाय साहेब! तिच्या लोह्याच्या घरी बाबांनी बँकेच्या परीक्षेचा क्लास ठरवून ठेवला होता. तो सोडून ती यात पडली होती.

आणि ही डाळमिल त्यांचं पहिलं मोठं काम. मालक असलेले दोन्ही अप्पा वैजनाथचे सख्खे मामा. यांनी चांगलं म्हटलं की लातुरातले बाकीचे मिलवाले येणार होते, नाहीतर पंचशीलाला क्लासची वाट धरायची होती. पहिल्या दिवशी याच ऑफिसात उभी राहून ती म्हणाली होती, "माल किती आला, कुणाला गेला, सगळ्यांना सारखंच दिसेल." ते वाक्य तिनं एसटीत बसून जुळवलं होतं. दोन्ही अप्पांनी माना डोलावल्या होत्या. नंतर एकेका अप्पांनी तिच्या एकेका मित्राला कोपऱ्यात घेतलं असणार, हे तिला आत्ता समजत होतं.

हारिस आणि वैजनाथ जवळच्याच दुसऱ्या मिलमध्ये डेमो दाखवत होते. तिनं त्यांना मिलसमोरच्या चहाच्या हॉटेलात बोलावून घेतलं.

"थोरल्या मामानं हात धरला गं," वैजनाथ बसता बसताच म्हणाला. "जावयाला सवलतीत माल देतो, धाकट्याला दिसला तर घरात भांडण हुईल म्हणला. मामाला न्हाई कसं म्हणू? उद्या आईला माहेर ऱ्हाईल का?"

"म्हणून तू सौदे लपवायची सोय केलीस? मला न विचारता?" हारिस उसळला.

"अन् तू? ते मोबाइलचं कुनी केलं?"

हारिस म्हणाला, "धाकटे अप्पा माझ्या बहिणीच्या लग्नात दिवसभर राबले यार. दादा काय विकतो एवढंच कळू दे म्हणाले. मी जबान दिली."

पंचशीलाला दोघांच्याही डोक्यावर चहा ओतावासा वाटला. दोघं भले होते, हाच तर त्रास होता. या भल्यांना कुणालाच नाही म्हणता येत नव्हतं.

"एक काम करता येईल," हारिस हळूच म्हणाला. "दोन्ही राहू देऊ. उदगीरचे सौदे तेवढे मोबाइलवर जायचे नाहीत, असं करतो."

"हाव, ते बरंय," वैजनाथ लगेच म्हणाला.

भांडण मिटलंसुद्धा! ज्या सफाईनं ते मिटलं, त्यानं पंचशीला दचकली. त्रिदलचं रोजचं कामही ते याच सॉफ्टवेअरमध्ये लिहायचे. कुणाला भेटलो, काय ठरलं, सगळं. ती तर इमानदारीनं रोज लिहायची.

"मला काय दिसत न्हाई?" तिनं विचारलं.

"म्हंजे?"

"आपल्या कामाच्या यादीत. माझ्यापासून काय झाकलंय?"

वैजनाथनं कप उचलला. तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला. शेवटी हारिसच बोलला.

"पुण्याच्या कंपनीनं बोलावलंय. नोकरीला."

"कुनाला?"

"आम्हाला. दोघांना. तुला सांगणारच होतो."

फार लागलं तिला. रडू येईल असं वाटलं, पण समोरून मिलचे हमाल जात होते आणि ते सगळे तिला ओळखत होते.

"लॅपटॉप उघड," ती हारिसला म्हणाली. "ते दोन्ही काढून टाक. आत्ता. पुण्याला मग जावा."

हारिसनं ते तिथंच काढलं. वैजनाथ "मामा, मामा" करत राहिला, पण आडवा आला नाही. आत मामांपुढे जायलाही दोघांपैकी कुणी उठलं नाही. ती एकटीच गेली.

"आता दोघांनाही सगळं दिसंल," तिनं सांगितलं. "जे झालं ते आमचं चुकलं."

थोरल्या अप्पांनी चष्मा काढला. "आमच्या घरात काय झाकायचं, काय दावायचं, हे तू ठरवनार?"

"दादा बरोबर म्हणतोय," धाकटे म्हणाले. "उद्यापासून बंद करा म्याडम हे. आमचा कागद बरा." आणि त्यांनी थोरल्याकडे चहाचा कप सरकवला. दोघा भावांचं त्या दिवसातलं पहिलं एकमत झालं, आणि तेही तिच्याविरुद्ध.

परतीच्या एसटीत ती एकटीच होती. ते दोघं मोटरसायकलवरून मागून येणार होते, किंवा पुढे गेले असतील. लोह्याला गाडी थांबली तेव्हा उतरावं, सरळ घरी जावं आणि बाबांना क्लासचं विचारावं, असं मनात आलं. ती अर्धवट उठलीही. तेवढ्यात फोन वाजला. शिल्पा.

घेऊ नये, असं वाटलं. आता कसला फोन, कसली मिल!

"नमस्कार, त्रिदलमधून पंचशीला बोलते," ती म्हणाली. सवयच ती.

"ताई, गाडी गेटवर उभी हाय. डायवर बोंबलून राहिला. पावतीच निघंना. उद्यापासून बंद म्हणले, पन आजचं काय करू?"

कंडक्टरनं घंटी मारली. पंचशीला परत सीटवर बसली आणि तिनं दुसऱ्या कानावर हात दाबून धरला.

"घाबरू नको शिल्पा. पडद्यावर काय दिसतंय, ते मला वाचून दाखव."