बंद गाडीतली बैठक

आमच्या घरात मोठा निर्णय घ्यायचा झाला की सगळे गाडीत जाऊन बसतात. ऐकणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो, आणि तो आहेच. आमचं काचेचं दुकान. मागे कारखाना, वर राहायची जागा. दुकानात गिऱ्हाईक, मागे कारागीर आणि मधला जिना असा की वर कुणी उसासा टाकला तरी खाली ऐकू जातो. म्हणून भांडायचं झालं की आई-बाबा डिलिव्हरीच्या व्हॅनमध्ये दारं लावून भांडायचे. पुढे त्या भांडणाची बैठक झाली आणि बैठकीला नियम आला: सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही. दादाचं लग्न त्या व्हॅनमध्ये ठरलं. आई गेल्यावर तिच्या कपड्यांचं काय करायचं, तेही तिथेच ठरलं. त्या दिवशी बाबा इतका वेळ गप्प बसले होते की खिडक्यांवर आतून वाफ धरली होती.

आता ती व्हॅनच मरायला टेकली होती. चढावर धाप, उतारावर खोकला. नवीन गाडी घ्यायची यावर घरात एकमत होतं. कोणती, यावरून गेले कित्येक महिने नुसती धुमश्चक्री चालली होती.

दादा आमच्यात थोरला. दुकान तो सांभाळतो, म्हणजे इस्त्रीचा शर्ट घालून मोठ्या इमारती बांधणाऱ्या लोकांसमोर नमुने मांडतो. त्याला हवी होती इलेक्ट्रिक कार, तीही साधी नाही, जिच्या सीटा पाठ दाबून देतात ती. धाकटा फिटिंग बघतो. तो शिडीवर जन्मल्यासारखा माणूस, त्याला इलेक्ट्रिक पिकअप हवा होता. मधली मी. मी व्हॅन चालवते. दुकानातला माल, बाबांचं डोळ्यांचं हॉस्पिटल, वहिनीचं माहेर, भाच्यांची शाळा, जे काही चाकांवरून जातं ते माझ्या हातून जातं. दादा मला कॅप्टन म्हणतो. कौतुकाने म्हणतो, त्यामुळे रागावताही येत नाही.

आणि मला जायचं होतं. दुसऱ्या शहरातल्या बस डेपोत नव्या इलेक्ट्रिक बसेस आल्या होत्या आणि त्यांच्या ड्रायव्हरांना शिकवायला माणसं हवी होती. मी कुणाला न सांगता परीक्षा देऊन आले. पास झाले. राहायला डेपोमागे एक खोली मिळणार होती. खोलीला एक खिडकी, आणि खिडकीखाली माझी वाट बघत कुणी उभं नाही. होकार कळवायची मुदत नेमकी आम्ही गाडी बघायला गेलो त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत होती. घरी सांगायला मी रोज तोंड उघडत होते आणि रोज जेवून परत मिटत होते.

त्यात मी एक मूर्खपणा करून ठेवला होता. दादाने एकदा व्हॅनमध्ये शेजारी बसून विचारलं, तुला काय वाटतं, कारच ना? मी म्हणाले, कारच. दोनच दिवसांनी धाकट्याने मागे काचा बांधता बांधता विचारलं, ताई, पिकअपच ना? मी म्हणाले, पिकअपच. मी तर निघालेच होते, मग कशाला कुणाचं मन मोडा? मी चांगुलपणा करतेय असं मला वाटत होतं. तो चांगुलपणा नव्हता, नुसता कंटाळा होता.

तर त्या दुपारी आम्ही चौघे शोरूमच्या मागच्या आवारात उभे होतो. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी लावलेल्या. दोन्हींची चक्कर मारून झालेली, अर्थात मीच मारलेली. टाय लावलेला विक्रेता फाईल छातीशी धरून म्हणाला, सावकाश ठरवा, काही घाई नाही. बाबांनी आजूबाजूला बघितलं आणि कारकडे बोट दाखवून म्हणाले, "बसा."

कारमध्येच का, म्हणून धाकटा कुरकुरला, हा तर पक्षपात झाला. बाबा म्हणाले की पिकअपवर चढायला गुडघे लागतात, ते आणून दे, मग तिकडे बसू. ते पुढे डाव्या बाजूला बसले, भाऊ मागे, आणि मी स्टिअरिंगमागे. कुणी मला तिथे बस म्हणालं नाही. मीसुद्धा दुसरीकडे कुठे बसून बघितलं नाही. दारं लागली. हलकासा आवाज झाला आणि बाहेरचं सगळं जग बंद पडलं.

अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. व्हॅनमध्ये बैठक असायची तेव्हा इंजिन चालू ठेवायचो, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. त्या खडखडाटात न बोललेलं खपून जायचं. इथे दादाच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मी आवंढा गिळला तर तोही सगळ्यांना ऐकू गेला असेल, असं वाटून मला घाम फुटला, आणि त्या गाडीने तो ओळखून आपणहून हवा गार केली.

दादाने सुरुवात केली. माणूस गाडीतून उतरतो तेव्हाच त्याचा भाव ठरतो, हे त्याचं आवडतं वाक्य. मोठी कामं पाहिजेत तर मोठ्यांच्या दारात मोठ्यासारखं उतरलं पाहिजे. एका चार्जिंगमध्ये ही कार पिकअपपेक्षा कितीतरी लांब जाते. छत काचेचं आहे, म्हणजे आपल्या धंद्याची जाहिरातच डोक्यावर. धाकटा म्हणाला, छतच काचेचं आहे, बाकी काच ठेवणार कुठे, तुझ्या मांडीवर? पिकअपच्या मागे काचा उभ्या ठेवायची घोडी बसते, मागच्याच प्लगवर ड्रिल चालतं, साइटवर वीज नसली तरी काम अडत नाही. दादाने विचारलं, आणि भरलेल्या मालाने बॅटरी अर्ध्या वाटेत बसली म्हणजे? शिवाय ते धूड वळवायचं कुठे, आपल्या गल्लीत? धाकट्याने सांगितलं की वळवायला ताई आहे. दादा म्हणाला, तेच तर, तिने किती दिवस धूड वळवायचं?

नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, असं धाकटा कारबद्दल म्हणाला. गाढवाला गुळाची चव काय, असं दादा धाकट्याबद्दल म्हणाला. गाडी अजून शोरूमची होती आणि यांचं बाजारात तुरी चाललं होतं. मी समोर बघत होते. विक्रेता आवारात येरझाऱ्या घालत होता. मधेच तो काचेजवळ वाकला, आमची तोंडं हलताना बघून हसला आणि पुन्हा लांब गेला. मला त्याचा हेवा वाटला. त्याला घरी गेल्यावर कुठली तरी खुर्ची असेल आणि त्या खुर्चीत बसल्यावर त्याला काहीही चालवावं लागत नसेल.

"ताईला विचारा ना," धाकटा म्हणाला. "ती म्हणाली पिकअप."

"काहीतरीच काय," दादा म्हणाला. "तिने मला कार सांगितलंय."

मग दोघेही आरशात माझ्याकडे बघायला लागले. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी सीटबेल्ट लावून. गाडी उभी असूनसुद्धा मी बेल्ट लावला होता, हे मला तेव्हा कळलं.

बाबांनी खोकून घसा साफ केला. "ती दोन्ही म्हणाली असेल. तिला तुमच्यासारखं ओढून धरता येत नाही. पण तिला आता सांगून टाका."

सांगायचं होतं ते दोघांनी एकदमच सांगितलं, म्हणून आधी मला नीट कळलंच नाही. गाडी कोणतीही येवो, माझ्या नावावर घ्यायची, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं भांडण नव्हतं. दादा म्हणाला की व्हॅनच्या सीटने माझ्या कमरेचं वाटोळं झालंय, मी जिना चढताना कठडा कसा धरते ते तो रोज बघतो, म्हणून त्याला ही पाठ दाबणारी सीट हवी होती. धाकटा म्हणाला की उद्या बाबा नसले आणि दादाचं नि त्याचं फाटलं तरी माझ्या हातात माझा पिकअप असावा, माल कुणाचाही वाहून मी माझी मुखत्यार राहीन. बोलताना त्याचे कान लाल झाले होते.

म्हणजे इतके महिने हे दोघे माझ्यावरून भांडत होते. मला भरून आलं, हे खरं आहे. आणि त्याच वेळी मला गुदमरायला झालं, हेही तितकंच खरं आहे. वाईट माणसांच्या घरातून निघणं सोपं असतं, शिव्या देऊन दार आपटता येतं. ही माणसं माझ्यासाठी पिंजरा निवडत होती आणि त्यात मऊ गादी असावी की मोठी खिडकी, यावरून जीव तोडून वाद घालत होती. कमरेचं दुखणं दादाने पाहिलं, पण मी गाडीतून उतरावं असं त्याच्या मनात आलं नाही. धाकट्याने मला मुखत्यार करायचं ठरवलं, तेही माल वाहण्यापुरतं.

आत्ता गप्प बसले तर गाडी माझ्या नावावर होणार होती. नावावरची गाडी सोडून कोण कुठे जातं?

"मी चालवणार नाही," मी म्हणाले.

"कोणती?" दादाने विचारलं.

"कोणतीच. मला नोकरी लागलीय. बस डेपोत, शिकवायची. दुसऱ्या शहरात. पुढच्या महिन्यात जायचंय, आणि आज संध्याकाळी त्यांना हो म्हणायचंय."

दादा पहिल्यांदा हसला. मग हसणं तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि आतला माणूस निघून गेला. कमी काय पडलं, असं तो विचारायला लागला. पगार हवा होता तर सांगायचं होतं. लोकांच्या बसेस शिकवायच्या आणि घरची गाडी उभी? मी त्याला सांगितलं की कमी काही पडलं नाही, जास्तच झालंय. त्याला ते समजलं नाही. समजेल असं मला वाटलंही नव्हतं. माल कोण नेणार, बाबांना हॉस्पिटलात कोण नेणार, हे तो बोटांवर मोजायला लागला आणि बोटं संपल्यावर थांबला. मी सांगितलं, ड्रायव्हर ठेवा. दादा म्हणाला की काच घेऊन जाणारा ड्रायव्हर आठवडाभर टिकत नाही, हे तुला माहीत आहे. माहीत होतं.

बैठकीचा नियम बाबांचा होता. एकमत नाही तर उतरायचं नाही, आणि एकमत होण्याची काही चिन्हं नव्हती. मी दाराकडे बघितलं. बटण माझ्या हाताशी होतं. ते दाबायला कुणाची परवानगी लागत नव्हती, आणि तरीही माझा हात स्टिअरिंगवरून निघेना. त्या क्षणी मला माझीच चीड आली. एवढी परीक्षा देऊन आलेली बाई, आणि साधं दार उघडता येईना.

धाकटा मागे खिडकीला टेकून बसला होता. तो एकदम पुढे वाकला. त्याचा चेहरा माझ्या खांद्यापाशी आला.

"ताई, काचा भरून गाडी चालवायला शिकायला किती दिवस लागतात?"

त्याच्याकडे लायसन्स होतं, पण रिकामी गाडीसुद्धा तो बैल हाकल्यासारखी चालवायचा. त्याने ते अगदी मनापासून विचारलं होतं. शिकायची त्याची तयारी होती. मी खरं सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग तेवढे दिवस थांब ना. आणि मी थांबले असते. शिकवण्यापुरतं म्हणून थांबले असते, मग पावसाळा संपेपर्यंत, मग बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत.

"आठ दिवस," मी म्हणाले.

आठ दिवसांत काचेचा भार पाठीत कळायला लागत नाही. ब्रेकवरचा पाय हलका होत नाही. मला वर्षं लागली होती. तेव्हा दादा शिकायला बाहेर होता आणि धाकटा शाळेत. माझ्या हातून किती काचा फुटल्या हे दोघांना ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं फक्त बाबांना. प्रत्येक वेळी ते शेजारच्या सीटवर होते. काच तडकल्याचा आवाज आला की ते खाली उतरायचे, मागे चढून तुकडे पोत्यात भरायचे, माझ्या हाताला लागू नये म्हणून मला जवळ येऊ द्यायचे नाहीत, आणि घरी आल्यावर आईला सांगायचे की कापतानाच फुटली, कापायची हिरकणी घसरली.

"आठच?" दादाने विचारलं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. तो बाबांकडे बघत होता.

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.

"हो, आठच," ते म्हणाले. "हिलाही तेवढेच लागले होते."

हे बोलताना ते समोर आवाराच्या भिंतीकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर मी गेले नसते.