मेंढ्यांनी खाल्लेला बांध

ओढ्याकाठी मी सहा घरं बांधत होतो, त्याच उन्हाळ्यात आमच्या आयडाहोत पावसाच्या पाण्याच्या परवान्यांचं काम केंद्राकडून राज्याकडे आलं. बांधकामाची माती वाहून ओढ्यात जाऊ नये, एवढंच त्या परवान्याचं म्हणणं. केंद्राचा माणूस तपासायला लांब सिॲटलहून यायचा. माझ्याकडे पाच वर्षांत एकदाच आला, तोही आधी कळवून.

"आता काय, आपलीच माणसं! घेतील चालवून," मी शेजारच्या एनेको उरुतियाला म्हणालो. एनेको मूळचा स्पेनकडच्या बास्क लोकांतला, पिढीजात मेंढपाळ.

"न घेऊन सांगतात कुणाला!" तो म्हणाला.

राज्याच्या परवान्याचा नवा कागद फाटकावर लावून चारच दिवस झाले होते. सकाळीच एक पांढरी गाडी येऊन थांबली. मार्लिस ट्वाइट, राज्याची तपासनीस. न कळवता आलेली. मी तिला ऐटीत ओढ्याकडे नेलं आणि जागीच थिजलो. माती अडवायला उतारावर पेंढ्याच्या जाड वळकट्या टाकल्या होत्या. त्यांवर तीसएक मेंढ्या ताव मारत होत्या.

"कुणाच्या या?" मार्लिसनं विचारलं.

एनेको कुंपणापाशीच होता. "कोण जाणे, बाई. मी तर पहिल्यांदाच बघतोय," म्हणाला आणि हळूच सटकला. चार पावलं गेला नाही, तोच सगळ्या मेंढ्या खाणं टाकून त्याच्यामागे निघाल्या.

"लवकर लळा लागला हो तुमचा!" मार्लिस म्हणाली.

एनेकोचे कान लालबुंद झाले. मला हसू आवरेना, पण तिनं वही काढली तसं ते आपोआप थांबलं.

"सात दिवसांत दुरुस्ती करा," ती मला म्हणाली. "आणि व्हर्लन, मेंढ्यांशेजारी पेंढा कसला ठेवता? लाकडी छिलप्यांच्या वळकट्या मिळतात, त्या आणा. माझ्या वडिलांच्याही मेंढ्या होत्या. छिलप्यांना तोंड लावायच्या नाहीत."

ओशाळलेला एनेको दोन दिवस स्वतः येऊन नव्या वळकट्यांच्या खुंट्या ठोकत होता. येताना घरची सॉसेजंही आणायचा.

आठव्या दिवशी मार्लिस परत आली. आदल्या दुपारी मोठी सर पडून गेली होती. तिनं बरणीत ओढ्याचं पाणी घेतलं, उन्हात धरलं. पाणी नितळ होतं.

"झकास!" ती म्हणाली, आणि पन्नाशीच्या मला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

आता काही अडलं की मी सरळ तिला फोन लावतो. आधी ती मेंढ्यांची खुशाली विचारते, मग कामाचं बोलते.