माझा आवाज बंद झाला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. जुना म्हणजे सहा वर्षांचा. माणसांत या वयाची मुलं पहिलीत बसतात. आमच्यात या वयाला आजोबा म्हणतात.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका कामगार बाईंनी माझा पडदा पहिल्यांदा उजळला, चारी कोपऱ्यांवर बोट फिरवून पाहिलं आणि "चल, पास!" म्हणत मला खोक्यात घातलं. आयुष्यात मी तेवढी एकच परीक्षा दिली. पुढे मात्र मुलांच्याच परीक्षा घेत आलो.

मी आणि माझी भावंडं एका प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गात आलो. खिडकीखालच्या लोखंडी कपाटात आमचं घर. आमचं काम वाचनाचं. माझ्यात इंटरनेटवरून येणाऱ्या पुस्तकांचा एक उंच जिना आहे. पहिल्या पायरीवरच्या पुस्तकात पानाला एकच ओळ असते. वर जावं तशा ओळी वाढतात. मूल आधी हेडफोन लावून गोष्ट ऐकतं, मग तीच मोठ्याने वाचून आपला आवाज माझ्यात साठवतं आणि शेवटी प्रश्नांची उत्तरं देतं. वर्गाच्या बाई तो आवाज ऐकतात आणि वाचन जमलं असेल तर पुढची पायरी उघडतात.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मला मिळवण्यासाठी मुलं कपाटापाशी ढकलाढकली करत. पण एकदा मी बाकावरून पडलो, कोपऱ्याला तडा गेला आणि माझा भाव उतरला. "आजोबा नको, दुसरा दे," असं मुलं म्हणू लागली. मी कपाटात शेवटपर्यंत उरायचो. आणि शेवटी उरलेला टॅब जी मुलगी उचलायची, तिचं वर्गातलं नाव होतं बडबडी.

बडबडी बोलायला लागली की बाईंनाही हात जोडावे लागत. पण अक्षरं समोर आली की तिची गाडी रुतायची. वर्ग दहाव्या पायरीच्या आसपास खेळत होता आणि ती चौथीवरच बसून होती. तेही तिने सोसलं असतं. पण शेजारच्या पहिलीच्या वर्गातही असेच टॅब होते आणि तिथे तिचा धाकटा भाऊ होता, टिल्लू. तोही चौथ्या पायरीवर येऊन पोचला. मधल्या सुट्टीत दारातून डोकं आत घालून तो विचारायचा, "ताई, तू अजून तिथेच? थांब हं, मी निघालोच पुढे!"

मग बडबडीने एक युक्ती काढली. हेडफोन लावून ती गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायची, पाठ करायची आणि पंख्याकडे बघत घडाघडा म्हणून माझ्यात साठवायची. चढउतार तसेच, थांबेही तसेच.

बाईंनी चहा पिता पिता ते वाचन ऐकलं. आधी "वा!" म्हणाल्या. मग अशा हसल्या, की चहा बशीत सांडला. माझ्यातल्या गोष्टीत पान संपलं की घंटा वाजते. बडबडीने तीही म्हटली होती: "आणि अस्वल नदीकाठी पोचलं. टिंग!"

त्यांनी तिला बोलावलं. "बडबडे, हे टिंग कुठे लिहिलंय, दाखव बरं."

बडबडीने अगदी मनापासून शोधलं. शेवटच्या ओळीपर्यंत बोट नेलं. मग तिचे डोळे भरले. "बाई, टिल्लू माझ्या पुढे जाईल हो."

"पाठांतर झकास आहे गं. पण वाचलंस कुठे?" असं म्हणून बाईंनी माझा गोष्ट सांगणारा आवाज पार बंद केला. "या आजोबांचं तोंड आता बंद. उद्यापासून पहिलीच्या मुलांना तू गोष्ट वाचून दाखवायची. न ऐकलेली."

"पहिलीत? बाई, तिथे टिल्लू आहे!"

"असू दे की. त्यालाही कान आहेत."

दुसऱ्या दिवशी ती पहिलीच्या चटईवर बसली. गोष्ट होती छत्री शोधणाऱ्या हत्तीची. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत ती अडली.

"ताई, वाचतेस की झोपलीस?" टिल्लू म्हणाला. सगळी हसली.

तिच्या बोटाला घाम फुटला. ओलं बोट मला धड कळत नाही. मी एकदम पुढचं पान उलटलं. तिने फ्रॉकच्या टोकाने मला पुसलं आणि मागचं पान काढलं. तेवढ्यात पुढे बसलेली एक चिमुरडी टिल्लूवर खेकसली, "गप रे! हत्तीला छत्री मिळाली का ते ऐकू दे!"

बडबडीने मान वर करून पाहिलं. तिची चूक पकडायला कुणी टपलेलं नव्हतं. सगळ्यांना हत्तीची काळजी होती. मग तिने एकेक शब्द फोडत ओळ पार केली. हत्तीसाठी पोटातून आवाज काढला, मुंगीसाठी नाकातून. माझ्या आतला आवाज गोड खरा, पण तो हत्तीला आणि मुंगीला सारखाच. गोष्ट संपली तेव्हा चटई ओरडली, "पुन्हा!" सगळ्यात मोठा आवाज टिल्लूचा होता.

त्यानंतर ती रोज तिथे वाचू लागली. पुढे तिने माझ्यात साठवलेलं वाचन चार ठिकाणी अडखळत होतं, पण त्यात घंटा नव्हती. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि पाचवी पायरी उघडली.

मित्रांनो, खोटं कशाला सांगू? सहाव्या पायरीवर टिल्लूच आधी पोचला. ओरडत दारात आला, "ताई, मी सहावर! तुझ्या पुढे!"

बडबडीने मान वर केली नाही. "थांब रे, एवढं पान होऊ दे."

तो थांबला. मग हळूच तिच्याजवळ येऊन बसला. "काय झालंय त्यात?"

"बस, वाचते."

आता माझी बॅटरी लवकर दमते. म्हणून एवढंच सांगतो. आम्हांला दप्तराखाली दाबू नका, चार्जरची वायर हिसकू नका, पडदा मऊ कापडाने पुसा. आणि शेजारी कुणी वाचत बसलेलं दिसलं, तर कितवी पायरी म्हणून विचारू नका. सरकून जवळ बसा आणि पुढे काय झालं ते ऐका.